चपळ मंडळींचा झिरा

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं, फक्त उन्हाळ्यात पाणी नव्हतं. हातातले फोन खाली ठेवा आणि नीट ऐका. ही गोष्ट लहान मुलांसाठी आहे. तुमच्यातले काही जण मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, ते मला दिसतंय. त्यांनी जरा पुढे सरकून बसावं.

त्या जंगलातून एक ओढा वाहायचा. थंडी पडली की तो आटायचा आणि नुसती वाळू उरायची. पण वाळूच्या पोटात पाणी असायचं. योग्य जागी खोल खड्डा खणला की तळाशी पाणी झिरपून साठतं. त्याला झिरा म्हणतात. तुम्हाला हे ठाऊक नसेल, कारण पाणी कुठून येतं याची चौकशी आपण ते जाईपर्यंत करत नाही.

झिरा खणायचं काम तिघांकडे होतं. दौलत नावाचा रानडुक्कर, साळूबाई नावाची साळिंदर आणि खवल्या नावाचं खवले मांजर. दौलत वाळू हुंगत हिंडायचा, एका जागी थांबायचा आणि नाकाने उकरायला लागायचा. साळूबाई कडा खरवडून उतार द्यायची, म्हणजे वाळू परत आत ढासळत नसे. तळाला खवल्या उतरायचा, कारण त्याची नखं लांब होती आणि बोलणं कमी होतं. पाणी लागलं की काम संपायचं. मग तिघं पोटभर पाणी पिऊन करंजाच्या सावलीत पडून राहायचे.

या पद्धतीला काही नाव नव्हतं. तिच्यातला सर्वांत मोठा दोष तोच.

दुसरा दोष असा की झिऱ्याला कधीकधी उशीर व्हायचा. तिघं आळशी होते असं नाही, पण सुरुवात मनात येईल तेव्हा करायचे. मागच्या उन्हाळ्यात असाच उशीर झाला आणि भेकरीचं पिल्लू पाण्यावाचून गेलं. भेकर म्हणजे लहानसं, लाजरं हरीण. घाबरलं की ते कुत्र्यासारखं भुंकतं. ती भेकरी बरेच दिवस ओढ्याच्या काठाला भुंकत फिरत होती. हसू नका. या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते इथे नाही.

यंदा तिला पुन्हा पिल्लू झालं. ते उभं राहायला शिकल्याबरोबर तिने त्याला गवतात लपवलं आणि ती वाघमहाराजांकडे गेली. भेकराने आपण होऊन वाघाकडे जायचं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. ती लांबच उभी राहिली.

"महाराज, यंदा झिरा येळंवर व्हावा," ती म्हणाली. "दुसरं कायबी मागणं न्हाई."

महाराजांना खरंच वाईट वाटलं. दौलतला बोलावून 'यंदा लवकर खणायला घे' एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण तेवढ्याने भागायला लागलं तर राजाला राजा कोण म्हणेल? शिवाय शेजारच्या जंगलाचा राजा परवाच सांगत होता की त्याच्याकडे सगळे चपळ झाले आहेत. महाराजांनी मनावर घेतलं. त्यांनी गप्पीदासाला बोलावणं धाडलं.

गप्पीदास हा एक पक्षी असतो. चिमणीएवढाच. हे नाव मी ठेवलेलं नाही, ते त्याचं खरंच आहे. तो थंडीत हिमालयापलीकडून आपल्याकडे येतो, गवताच्या शेंड्यावर बसून शेपटी हलवतो आणि होळीच्या सुमारास परत जातो. म्हणजे आपला उन्हाळा त्याने जन्मात पाहिलेला नसतो. उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल सल्ला द्यायला इतका निःपक्षपाती जाणकार दुसरा कुठे मिळणार?

"चपळ होणं म्हणजे पळणं नव्हे," असं गप्पीदासाने पहिल्याच दिवशी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चपळ होणं म्हणजे काय, हे त्याने शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलं नाही, आणि तोवर विचारायची लाज वाटायला लागली होती.

पहिला नियम उभ्या सभेचा. रोज सकाळी तिघांनी उभं राहून सभा घ्यायची. उभं राहिलं की पाय दुखतात, पाय दुखले की सभा लवकर संपते, असा त्यातला विचार. पण जनावरं दिवसभर उभीच असतात. त्यांचे पाय दुखेनात. तेव्हा गप्पीदासाने थोडा विचार करून सांगितलं की मागच्या दोन पायांवर उभं राहायचं.

साळूबाईला ते जमलं. खवल्याला तर जन्मतःच जमायचं. दौलतचं अंग पुढून जड. तो उभा राहायचा आणि पडायचा. पडला की सभा पुन्हा पहिल्यापासून. काल काय खणलं, आज काय खणणार आणि अडथळा कोणता, एवढंच प्रत्येकाने सांगायचं होतं. तेवढं सांगून होईपर्यंत ऊन वर यायचं.

दुसरा नियम धावेचा. एका पंधरवड्याच्या कामाला धाव म्हणायचं. धाव संपली की सगळ्या जंगलासमोर प्रदर्शन. प्रदर्शनानंतर मागे वळून पाहणं, म्हणजे काय चुकलं आणि काय बरोबर झालं ते पळसाच्या पानांवर ओरखडून ऐनाच्या झाडाला डिंकाने चिकटवणं. मागे वळून पाहताना दौलतची पुन्हा पंचाईत. रानडुकराला मान नसल्यातच जमा. तो सगळाच्या सगळा वळायचा आणि सभेकडे पाठ करून बसायचा. त्याचा सहभाग कमी पडतो, असं पान त्याच्या नावाने कायमचं चिकटलेलं असायचं.

आता तुम्ही म्हणाल, भेकरीचं काय? वा. तिला विसरून कसं चालेल? चपळ पद्धतीत तिला फारच मान. ती ग्राहक. गप्पीदासाने तिला मुद्दाम बोलावून घेतलं आणि मागणी नीट शब्दांत मांडायला सांगितली. अमुक म्हणून मला अमुक हवं, म्हणजे मला अमुक करता येईल, अशी. भेकरी बिचारी दोनतीनदा अडखळली आणि मग म्हणाली की एक भेकर म्हणून मला पाणी हवं, म्हणजे माझं पिल्लू जगेल.

गप्पीदासाने शेपटी हलवली. मागणी उत्तम आहे, पण फार मोठी आहे, असं त्याचं मत पडलं. पाणी ही एका धावेत बसणारी गोष्ट नव्हे. तिचे तुकडे करावे लागतील. आधी खड्डा, मग खोल खड्डा, मग गारवा, मग ओल, आणि शेवटी जमलं तर पाणी. 'पिल्लू जगेल' हा भागही त्याला जरा मोघम वाटला. तो मोजणार कसा?

मोजणं हा तिसरा नियम, आणि इथून पुढे कान देऊन ऐका.

खड्ड्यातून किती वाळू बाहेर पडली, ते ढिगांत मोजायचं ठरलं. जितके ढीग तितका वेग. धाव सुरू होण्याआधी, या खेपेला किती ढीग निघतील, याचा अंदाज तिघांनी एकदम बोटं वर करून द्यायचा. दौलतला खुराची बोटं दोन. त्याचा अंदाज दोनाच्या वर कधी गेलाच नाही. खवल्याला कोणी काही विचारलं की तो अंगाचं गाठोडं करून पडायचा. त्याचा होकार धरण्यात यायचा. राहता राहिली साळूबाई. तिचा अंदाज नेहमी बरोबर निघायचा, कारण तेवढे ढीग झाले की ती खणणं थांबवायची.

साळूबाई दुष्ट नव्हती हो. तुम्हाला गोष्टीत कोणीतरी दुष्ट लागतं, म्हणून आधीच सांगतो. ती फार मन लावून शिकली. गप्पीदासाने तिला आपलं एक पीस दिलं आणि ती चपळतेची जाणकार झाल्याचं जाहीर केलं. ते पीस ती काट्यांमध्ये खोचून हिंडायची. रोज संध्याकाळी ऐनाच्या झाडाची साल कुरतडून ती वेगाची रेघ काढायची. पहिल्या धावेत रेघ वर गेली. दुसऱ्या धावेत आणखी वर गेली. वाघमहाराज ती रेघ बघायला जातीने आले आणि बराच वेळ झाडापुढे उभे राहिले.

तिसऱ्या धावेत रेघ खाली आली.

काय झालं होतं? दौलतने हुंगून काढलेल्या जागी खड्डा चांगला खोल गेला होता. वरची वाळू कोरडी, भुसभुशीत. ती भराभर निघाली, ढिगांवर ढीग पडले. मग तळाला ओल लागली. ओली वाळू जड. ती निघता निघत नाही, आणि निघाली तरी तिचा ढीग बसका होतो. सकाळच्या सभेत दौलतने मोठ्या आनंदाने सांगितलं की ओल लागली आहे, आता पाणी जवळ आलं.

"हे तू कशात सांगतोयस?" साळूबाईने विचारलं. "काल काय केलं त्यात, की अडथळ्यात?"

दौलतला कळेना. त्याने गप्पीदासाकडे पाहिलं. गप्पीदासाने फार समजूतदारपणे खुलासा केला. ज्याने वेग कमी होतो तो अडथळा. ओलीने वेग कमी झाला आहे. तेव्हा ओल हा अडथळा आहे. आणि मंडळींच्या वाटेतला अडथळा दूर करणं हे तर त्याचं कामच. दुपारपर्यंत त्याने तो दूर केला. म्हणजे मंडळींना तिथून उठवून पलीकडच्या कोरड्या वाळूत नवा खड्डा आखून दिला.

रेघ पुन्हा वर गेली.

मग तेच सुरू झालं. खड्डा घ्यायचा, कोरडी वाळू उपसायची, ओल लागली की उठायचं आणि पुढे सरकायचं. ओढ्याच्या पात्रात जिकडे तिकडे खड्डे. प्रत्येक प्रदर्शनाला जंगल जमायचं आणि नव्या खड्ड्याभोवती उभं राहायचं. माकडं टाळ्या वाजवायची. माकडांना खड्ड्यातलं काही कळत नाही, पण टाळ्यांतलं कळतं.

भेकरी प्रत्येक प्रदर्शनाला यायची. खड्ड्यात वाकून बघायची आणि पाणी कधी, असं विचारायची. तिचा अभिप्राय अतिशय मोलाचा आहे, असं तिला दर वेळी सांगण्यात यायचं. तो पानावर ओरखडून चिकटवायचेही. पुढे पुढे मागच्या बाजूने ऐनाचं खोड दिसेना इतके तिचे अभिप्राय झाले.

होळी आली. गप्पीदासाला परत जायचं होतं. महाराजांनी त्याचा सत्कार केला. तो म्हणाला की आता तुम्हाला माझी गरज नाही, तुम्ही चपळ झाला आहात. आणि तो उडाला. त्याच्याइतका वेळेवर निघालेला जाणकार मी दुसरा पाहिला नाही.

मग ऊन तापायला लागलं, मुलांनो. तोवर ज्यावर सगळ्यांचं भागत होतं त्या डोहात चिखल उरला. चिखलाला भेगा पडल्या. मोठ्या जनावरांनी डोंगर ओलांडून पलीकडची नदी गाठायला सुरुवात केली. ती वाट लांबची, उघड्या रानातून जाणारी आणि गावकुत्र्यांची. गवा जाईल, सांबर जाईल. पिल्लाला घेऊन भेकरी कशी जाणार? ती वाळलेल्या गवतात पिल्लाजवळ बसून राहायची आणि त्याचं तोंड चाटत राहायची. चाटायला तिच्याही जिभेवर ओल राहिली नव्हती.

एका दुपारी मंडळी सावलीत पुढच्या धावेची आखणी करत बसली होती. दौलतला ओढ्याकडून आवाज आला. तो बघायला गेला, तर पहिल्या, सोडून दिलेल्या खड्ड्यात भेकरी उतरली होती आणि आपल्या काडीएवढ्या पायांनी वाळू उकरत होती. वरून जितकी उकरायची तितकी परत ढासळत होती. पिल्लू कडेला मान टाकून पडलं होतं.

दौलतने अंदाज दिला नाही, बोटं वर केली नाहीत, कोणाला विचारलं नाही. तो खड्ड्यात उतरला, भेकरीला नाकाने हलकेच बाजूला सारलं आणि खणायला लागला. ओली वाळू जड होती. ती त्याने जडच उपसली. उन्हं कलायच्या सुमाराला तळाशी एक डोळ्याएवढा ओलसर ठिपका चमकला. मग तो वाढला. पाणी गढूळ होतं, थोडंसं होतं, पण पाणी होतं.

भेकरीने पिल्लाला तोंडाने ढकलत आत आणलं. ते प्यायलं. पिता पिता त्याचे कान हलायला लागले. दौलत काठावर दमून बसला होता आणि ते कान बघत होता. मला विचाराल तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मंडळी चपळ होती.

दुसऱ्या दिवशी उभ्या सभेत दौलतची पाळी आली. काल काय केलं, असं साळूबाईने विचारलं.

"पाणी काढलं," दौलत म्हणाला.

मग साळूबाईने शांतपणे एकेक गोष्ट विचारली. तो खड्डा या धावेत घेतला होता का? नव्हता. ढीग किती झाले? दौलतने मोजले नव्हते. ओलीत खणल्यावर कितीसे होणार? आणि कडा? कडांना उतार दिला होता का? नव्हता, कारण ते काम साळूबाईचं. आणि पूर्ण झालं असं तिघांनी मिळून म्हटलं होतं का? तेही नव्हतं.

साळूबाईला दौलतचा राग आला नव्हता, हे पुन्हा सांगतो. तिला त्याची काळजी वाटत होती. तिने त्याला समजावलं की एकाने असं मनाला येईल तसं केलं तर मंडळी कसली राहिली? असा खड्डा आज ना उद्या ढासळणार आणि कोणीतरी त्यात गाडलं जाणार. तो पद्धतशीरच व्हायला हवा. तेव्हा आधी तो बुजवायचा, आणि मग नव्याने आखून, अंदाज देऊन, कडांना उतार देऊन परत खणायचा. शिवाय या धावेत आपला वेग दौलतमुळे पडला आहे, आणि उद्या महाराज रेघ बघायला येणार आहेत.

मत घेतलं. साळूबाईने बोटं वर केली. खवल्याने अंगाचं गाठोडं केलं. होकार.

दौलतने खाली पाहिलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते काल काय केलं यात बसत नव्हतं, आज काय करणार यातही बसत नव्हतं. अडथळ्यात घालावं, तर त्याला नेमकं सांगता येईना. शेवटी तो म्हणाला, "माझा खड्डा हाय. मीच बुजवतो."

त्याने बुजवला. आदल्या दिवशी उपसलेली वाळू उन्हाने सुकून हलकी झाली होती. ती भराभर आत गेली. वाळू हलली की ढीग धरायचा, मग ती बाहेर येवो की आत जावो, असं साळूबाईने उदार मनाने ठरवलं. त्या दिवशी जंगलाच्या आजवरच्या चपळतेत सर्वांत जास्त ढीग झाले. ऐनाच्या झाडावर रेघ इतकी वर गेली की साळूबाईला ती काढायला खवल्याच्या पाठीवर चढावं लागलं.

संध्याकाळी भेकरी आली. पिल्लू आज स्वतःच्या पायांनी तिच्यामागे आलं होतं. जिथे पाणी होतं तिथे सपाट वाळू होती आणि तिच्यावर दौलत बसला होता. तिने वाळू हुंगली. मग त्याच्याकडे पाहिलं.

"दादा, पाणी कुठं हाय?"

दौलत म्हणाला, "फुडच्या धावेत घेतलंय, ताई."

भेकरी भुंकली नाही. तिने पिल्लाला पोटाशी घेतलं आणि ती डोंगराच्या वाटेला लागली. लांबच्या, उघड्या रानातून जाणाऱ्या वाटेला. पिल्लू दर थोड्या वेळाने बसायचं आणि ती थांबायची. ती नदीला पोचली का, हे मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचा मला फार राग येतो.

दुसऱ्या दिवशी वाघमहाराज आले. त्यांनी रेघ पाहिली आणि त्यांना भरून आलं. मग त्यांनी विचारलं की ती भेकरी काय म्हणते आता, समाधानी आहे ना? साळूबाईने ऐनाच्या झाडाकडे बोट केलं. नवं पान एकही नव्हतं. या धावेत तिचा एकही अभिप्राय आलेला नाही, असं तिने सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं.

महाराजांनी मान हलवली आणि माकडांनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: पाणी लागेपर्यंत कधीही खणू नये. पाणी लागलं की काम संपतं, आणि काम संपलं तर चपळ मंडळींनी रोज सकाळी उठून उभं राहायचं तरी कशासाठी?